सुटणारं व्यसन

छातीच्या डॉक्टरांकडे शिवणकाम करणाऱ्या मावशी नंबरची वाट बघत बसल्या होत्या. आतून नुकताच बाहेर आलेला वाहतूक हवालदार बायकोसह त्यांच्या शेजारी टेकला.

“अहो, खरं सांगा. चोरून सिगारेट ओढायचात ना?”

“तोंडाला लावली नाही कधी.”

“मग फुप्फुसांची अशी चाळण कशानं झाली?”

“सांगितलं ना डॉक्टरांनी? उभा जन्म चौकात गेला. धूर आणि बारीक धूळ.”

“मग चौक सोडा.”

“आणि घर? ते उड्डाणपुलाला चिकटलंय. खिडकी पुसलेलं फडकं रोज काळं होतं तुझं. हवा कुठली सोडू?”

“सिगारेट असती तर बरं झालं असतं हो. सोडता तरी आली असती.”

ती पदरात तोंड खुपसून रडू लागली. मावशींनी नजर वळवली.

“ए, ऐक. ओढतो मी.”

“खरंच?”

“रोज. तुझ्या धाकानं बोललो नाही.”

“जीव टांगणीला लावलात माझा! आजपासून बंद.”

“बंद.”

“बघा, वर्षभरात खोकला पळतो की नाही.”

“पळेल,” हवालदार म्हणाला, आणि उबळ ओसरेपर्यंत त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.