मावशीनं धरलेली जागा

एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तर आमच्या शकूमावशीनं. लातूरच्या स्टँडवर गाडी लागते न लागते तोच खिडकीतून तिचा रुमाल सीटवर पडायचा, आणि मग त्या जागेवर ती कुणातरी अनोळखी बाईलाच बसवायची.

दिवाळीनंतर आम्ही दोघं नांदेडला निघणार होतो. तिचा फोन आला, "जागा धरलीय, ये लवकर."

मला तोवर मित्राच्या कारमध्ये जागा मिळाली होती. तिला तसं सांगवेना, म्हणून म्हणालो, "तू निघ, मी चाकूरला चढतो." आणि फोन सायलेंट केला. नंतर तिनंही कधी विषय काढला नाही.

दोन महिन्यांनी मावशी गेली. तेराव्याला एक बाई म्हणाल्या, "चाकूरला चढणारे भाचे तुम्हीच का? मी त्याच गाडीत उभी होते. 'भाचा यायलाय' म्हणून त्यांनी रुमाल उचलूच दिला नाही. चाकूर गेलं, तर म्हणाल्या अहमदपूरला चढंल. मग लोह्याला."

"म्हणजे तुम्ही नांदेडपर्यंत उभ्याच?"

"न्हाई हो. चाकूरलाच त्यांनी मला स्वतःच्या जागेवर बसवलं. उभ्या त्याच राहिल्या."