आबा असताना काढलेली मिशी

विमानाची तिकिटं काढली ती किंक्रांतीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. दोघांची जाऊन-येऊन सत्तेचाळीस हजार. काढताना घरात मी, माझी मालकीण सुरेखा, धाकटा भाऊ बापू आन् खाटंवर आबा, म्हंजी आमचे वडील, एवढी माणसं हुती. सुरेखा म्हणली, आजच्या दिवशी कुणी चांगल्या कामाला हात घालतं का, उद्या काढा. मी म्हणलं, उद्या साडेतीन हजारानं वाढत्यात, आन् हे कुठलं चांगलं काम हाय, पोरीला माघारी आणायला चाललोय. आबा म्हणले, काढ बाबा, विमानाला कुठली किंक्रांत. तर सगळ्यांच्या देखत काढली. हे आधी सांगून ठेवतो, कारण नंतर जे झालं ते सुरेखानं किंक्रांतीवर घातलं आन् मी मिशीवर घातलं.

आता पहिल्यापासनं सांगा म्हणताय तर सांगतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडंला. डाळिंब हाय, थोडा ऊस हाय, आन् मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. दुधाचं माप, फॅट, हिशेब, सगळं माझ्याकडं, आजवर चार आण्याची चूक निघाली न्हाय. पण पाण्याचं इचाराल तर मी भित्रा माणूस. आमच्याकडं पोरांना विहिरीत पोहायला शिकवत्यात, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आन् चुलत्यानं वरनं ढकलायचं. माझ्या डब्याचं झाळलेलं भोक सुटलं. डबा तरंगवायचा सोडून भरला, आन् तोच मला वढून खाली न्यायला लागला. आबांनी धोतरासकट उडी टाकली म्हणून आज तुमच्याम्होरं बसलोय. तवापासनं कालव्याच्या पुलावरनं जाताना बी मी कठड्याला धरून चालत न्हाय, मधनं चालतो, मागनं ट्रॅक्टर हॉर्न देत का बसंना.

आन् अशा माणसाच्या पोटी प्रणाली. पोरगी बारामतीला कॉलेजात शिकली, प्राणिशास्त्र, मंग पुण्याला पुढचं केलं, आन् तिथनं कुणाबरबर तरी तीन महिन्यांसाठी म्हणून अंदमानला गेली. समुद्रातली प्रवाळं मोजायचं काम. तीन महिन्याचं दीड वर्ष झालं. तितं एका बेटाच्या भवतीचा समुद्र सरकारनं राखलेला हाय, अभयारण्य, जसं आपल्याकडं हरणांचं आसतं तसं माशांचं. पाठीवर हवेची टाकी बांधून ही खाली जायची, पर्यटकांना बी न्यायची. एक दिवस तिनं फोनवर व्हिडिओ धाडला. निळं पाणी, काळ्या कापडातलं माणूस, तोंडात नळी, डोळ्याला काच, आन् तोंडाजवळनं बुडबुडं सुटत्यात. आबा म्हणले, कोण हाय गं ही. सुरेखा म्हणली, आपली प्रणू. काय सांगू तुमाला, मला तो डबाच दिसला. पाठीला बांधलेला. त्या दिवसापासनं माझी झोप गेली, आन् मी ठरवलं, जायाचं आन् घिऊन यायचं.

पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर, तिथनं बोटीनं बेटावर. बोटीत मी मधल्या खांबाला धरून बसलो. धक्क्यावर पोरगी उभी हुती, काळी पडलेली, केस आखूड केलेलं, पण अंगानं भरलेली. मी काय बोलायच्या आतच म्हणली, पप्पा, मला न्यायला आलाय ना, बापूकाकानं सांगितलंय. तुमी म्हणाल तर येते. पण एकदा माझ्याबरबर खाली या, मी काय करते ते बघा, मंग म्हणा नोकरी सोड. न बघता म्हणायचं न्हाय.

मी व्हय म्हणलं. मी स्वतःच संस्थेत पोरांना सांगतो, दूध न तपासता नाव ठेवायचं न्हाय.

तर दुसऱ्या दिवशी कंबरंएवढ्या पाण्यात सराव. तिचा वरचा साहेब अल्बर्ट म्हणून, तिथलाच माणूस, बुटका, शांत. त्यानं मला ते रबरी कापड घातलं, ते चढवतानाच मी अर्धा मेलो. डोळ्याला काच लावली, नाक आत, तोंडात नळी. खाली बसलो आन् काचंत पाणी. नाकात पाणी, घशात पाणी. उठलो, खोकलो. परत बसलो, परत पाणी. कडंला दोन पोरी पोहत हुत्या त्या हसल्या. अल्बर्टनं मिशीला व्हॅसलीन चोपडलं, तरी तेच. तो म्हणला, अंकल, मूंछ में से पानी आता है, काच चिपकता नहीं, मूंछ निकालना पड़ेगा.

मी म्हणलं, नहीं.

प्रणालीला ठाऊक हुतं. आमच्याकडं बाप हाय तवर मिशी काढत न्हाईत. बाप गेला की दहाव्याला काढायची. मिशी काढलेला माणूस गावात दिसला की लोकं न इचारता समजत्यात आन् थांबून म्हणत्यात, कवा झालं. आन् माझा बाप तिकडं खाटंवर, चौऱ्याऐंशी वर्षांचा, थंडीत छाती भरती त्याची. मी अल्बर्टला म्हणलं, मेरा बाप जिंदा है. त्याला काय कळंना, तो म्हणला, बहुत अच्छा है अंकल.

सुरेखा म्हणली, बाई माणसाला हा ताप न्हाय, मी जाते. आन् गेली की हो. जी बाई एसटीत खिडकीशी बसायला भ्येती, ती ते काळं कापड घालून पोरीचा हात धरून पाण्यात गेली. मी बोटीत बसलो. ते पाऊण तास मी कसा काढला ते माझं मला म्हाईत. बुडबुडं दिसत हुतं तवर बुडबुडं बघितलं, मंग ते लांब गेलं. वर आली तवा डोळं लाल, नाकातनं पाणी, आन् हसतीया. मी म्हणलं, काय हाय खाली. म्हणली, तुमी जाऊन बघा, मी माझं ठरवलंय.

म्हंजी घरातली दोन मतं गेली. राहिला मी, आन् माझ्या हातात काय, न बघितलेलं मत. दुपारी खोलीत आरशाम्होरं गेलो. वस्तऱ्याचं पातं न्हवतं, दाढीचं साधं रेझर. एक बाजू काढली आन् थांबलो. असं अर्धं तोंड कुणाला दाखवणार. दुसरी बी काढली. आरशात तो माणूस कोण ते मला ओळखू येईना, पण एवढं ओळखू आलं की ह्या माणसाचा बाप गेलाय. घरी फोन लावला, आबाला इचारावं जेवलात का. लागंना. तितं मोबाईलला कधी रेंज येती, कधी दिवसभर जाती.

तीन वाजता पाण्यात गेलो. प्रणालीनं आधी मागनं माझ्या टाकीला धरलं, मंग पुढं येऊन तोंडाशी तोंड आणून डोळ्यात बघत राहिली, बोटानं खूण केली, ठीक? मी मान हलवली. खोटं. कानात असं दुखलं की कुणी खिळा ठोकतंय, तिनं माझं नाक दाबून दाखवलं, फुंक मारा. मारली, कान सुटला. काचंत थेंब न्हवता. आन् मला काय वाटलं सांगू का, काचंत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, मिशीचा दोष तरी गेला असता. स्वतःच्या श्वासाचा आवाज कानात घरघरतोय, आबाची छाती भरल्यावर घरघरती तसाच. मी मोजायला लागलो, मला मोजायची सवय हाय, पण दहाच्या पुढचा आकडा आठवंना. मनात एकच, आत्ता तिकडं आबाला काय झालं तर मला सांगायला हितं कुणी येऊ शकत न्हाय.

खाली वाळूत लोखंडी चौकटी ठेवलेल्या. त्या चौकटींना प्रवाळाचं बोटाएवढं तुकडं बांधलेलं, ओळीनं, जगल्यावर खडकावर न्हेऊन लावायला. प्रणाली एका तुकड्याची सुटलेली पट्टी काढून परत बांधायला लागली. मी आमच्या डाळिंबाला गुटी कलम बांधतो ना, फांदी दुखवायची न्हाय आन् सैल बी सोडायची न्हाय, तसं. बांधताना पोरीनं मला सोडलं न्हवतं, गुडघ्यानं माझा पाय दाबून धरलेला, तिचं काम बी चालू आन् मी बी धरलेला. मासं आलं, गेलं, मला मासं आठवत न्हाईत. लोकं इचारत्यात कुठलं मासं बघितलं. मी तिचं हात बघितलं.

वर आलो. धक्क्यावर आलो. आन् फोनला रेंज आली. बापूचे नऊ मिस कॉल.

लावला तर लागंना. सुरेखा माझ्या ओठाकडं बघती आन् तोंडाला पदर लावती. शेवटी लागला. बापू म्हणला, दादा, आबाची छाती भरली, दुपारी श्वास लागंना म्हणून बारामतीला आणलंय, ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर म्हणत्यात चोवीस तास बघू, तू निघ. किती वाजता, मी म्हणलं. म्हणला, दोन-अडीचला. म्हंजी मी आरशाम्होरं हुतो तवाच.

मी पिशवी भरायला लागलो. पहाटं बोट, सकाळचं विमान. प्रणाली दारात उभी राहिली. पप्पा, सकाळच्या विमानानं जायाचं न्हाय. मी म्हणलं, काय? म्हणली, खाली दाबाखाली हवा घेतलीय, रक्तात मुरलेली हाय, लगीच उंचावर गेलं तर बुडबुडं हुत्यात, माणूस लुळा पडतो, मरतो. आमच्यात नियम हाय, पाण्यातनं आल्यावर पूर्ण एक दिवस विमान न्हाय. मी तिला लई बोललो. तुझ्यापायी आलो, तुझ्यापायी मिशी काढली, तुझ्यापायी पाण्यात गेलो, आता बापाचं तोंड बी बघू देईना झालीस. ती रडली, पण दारातनं हलली न्हाय. म्हणली, आबा माझे बी हाईत. तिकडं एक झोपलाय, हितं दुसरा झोपवू का.

पहाटं बोट गेली. मी धक्क्यावर बसून ती जाताना बघितली. माणसं चढली, पेट्या चढल्या, दोर सोडला. अल्बर्ट शेजारी येऊन बसला, नारळ कापून हातात दिला. त्याला आता कळलं हुतं मिशीचं. मी अख्खा दिवस त्या धक्क्यावर फोन धरून काढला. वाजला की भ्या, न्हाय वाजला की जास्त भ्या. प्रणाली उन्हात शेजारी बसून राहिली. दुपारी, माझं ध्यान दुसरीकडं वळवायला असंल, तिनं सांगितलं की पुढचा कोर्स केला तर ती स्वतः शिकवायला लागंल, त्याला पैसं लागत्यात, पण आता तो इषय न्हाय. मी म्हणलं, न्हायच.

तिसऱ्या दिवशी बारामतीला पोचलो. दवाखान्याच्या दारात बापूनं मला बघितलं आन् हात कपाळाला लावला. दादा, हे काय केलंस रं, आबा बघतील. त्यानं आपला रुमाल काढून माझ्या तोंडाला बांधला. आत गेलो. आबा उशीला टेकून बसलेले, नाकात नळी. म्हणले, वास मारतोय का मी, काढ ते फडकं. काढलं. आबांनी बघितलं. लई वेळ बघितलं. शेजारच्या खाटंवरची बाई बी माझ्याकडं बघून हळहळली. मला वाटलं, आता काय तरी हुतंय.

आबा म्हणले, मी गेलो आन् मलाच कळवलं न्हाईस व्हय रं?

आन् हसायला लागले, हसता हसता खोकला, खोकल्यानं नळी निसटली, नर्सबाई पळत आल्या, मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकड्यावर परत मेलो. अर्ध्या तासानं बोलवलं. मी सगळं सांगितलं, बोट सोडली ते बी. आबा म्हणले, पोरीनं अडवलं? व्हय. तू ऐकलंस? ऐकलं. मंग म्हणले, तुला मी आजवर कुणाचं ऐकताना बघितलं न्हाय, तिला काम येतंय म्हणायचं. आन् हे बघ, आता ही काढलीस ती माझ्या नावानं जमा धर, मी गेल्यावर परत काढायची न्हाय.

आबा घरी हाईत. मिशी आली, पण आधीच्यापेक्षा पांढरी आली. आबा सकाळी खोकलं की मी उठतो, न खोकलं तर पळत जातो. तिकडनं पोरगी पाण्यात जायाच्या आधी मेसेज करती आन् वर आली की करती, मधल्या वेळात मी डाळिंबात असतो, पण सुरेखा म्हणती तुमाला दोन हाका मारल्याशिवाय ओ येत न्हाय.

परवा तिच्या त्या कोर्सचे पैसं भरले. एक लाख दहा हजार, त्या बेटावरच्या केंद्राच्या खात्यावर, पावती अल्बर्टच्या सहीनं आली. भरताना आबा खाटंवर, बापू उभा, आन् फोनवर माझा आकडा दोनदा चुकला, हिशेबात न चुकणारा मी. सुरेखा म्हणली, एवढं भ्येत भ्येत कशाला भरताय, राहू द्या की. मी म्हणलं, न भ्येता भरायचे म्हणलं तर ह्या जन्मात भरून व्हायचे न्हाईत. आन् भरले.