जग्वारच्या पंखाखालची रिकामी जागा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय बिघडलं?" काय बिघडलं! अहो, तुम्हाला सांगतो, लढाऊ विमानाला बॉम्ब लावायचे म्हणजे लग्नाच्या मांडवाला झिरमिळ्या लावणं नव्हे हो! पण हे आमच्या धुळ्याच्या देवपुरात एकाला पटेल तर शपथ. जग्वार! आपल्या हवाई दलाचं, जमिनीवर हल्ला करणारं विमान, त्याचं वीतभर प्लॅस्टिकचं मॉडेल मी बनवत होतो. बँकेतून आलो की डायनिंग टेबलावर बसायचं आणि घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. आमची हेमांगी, म्हणजे आमची बायको, विचारते, "भेंडी कुठे चिरू? धावपट्टीवर?" चिर बाई, पण उभी चिर... गोल चकत्या चाकांसारख्या दिसतात, एकदा तर मी एक चिकटवायला निघालो होतो.

आता त्या किटच्या डब्यात काय येतं? सगळं येतं. बॉम्ब, रॉकेटचे डबे, तेलाच्या टाक्या, मिसाईलं. म्हणून काय सगळं लावायचं? मसाल्याच्या डब्यात मोहरी असते म्हणून चहात टाकता का? माझ्याकडे एका खऱ्या जग्वारचा फोटो होता, त्यावरून माझं ठरलेलं. पोटाखाली तेलाची टाकी, पंखांखाली आतल्या हुकांना एकेक बॉम्ब आणि बाहेरचे हूक रिकामे. का रिकामे? कारण वजन! लांब जायचं तर तेल न्यायचं, आणि तेल न्यायचं तर बॉम्ब कमी. दुसरी गंमत म्हणजे मिसाईलं पंखाच्या वर! हो, वर! जग्वारला ती तिथेच बसतात, मी काय करू?

पण आमचे चुलते, रुपचंदनाना! सारी हयात एसटीत कंडक्टर. रिकामं सीट दिसलं की या माणसाच्या पोटात दुखतं. रोज चहाचा कप घेऊन माझ्या डोक्याशी उभे. "भूपेन, आठे जागा रिकामी शे."

"नाना, ती रिकामीच ठेवायची असते."

"आसं कसं? जागा शे ना, मंग लाई दे!"

आणि वरची मिसाईलं बघून काय म्हणाले माहितीये? "टपवर सामान बांधेल शे का रे?" टपावर! सामान! हवेतल्या शत्रूचा काळ हो तो, आणि हे म्हणे सामान!

बरं, नाना अडाणी, सोडून देऊ. पण जळगावचा आमचा प्रेमराज? इंजिनिअर! आमच्या मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन! त्याने त्याच्या जग्वारला काय लावावं? बठ्ठं! डब्यातलं सगळंच्या सगळं! अहो, केळीचा ट्रक परवडला, त्याला निदान ताडपत्री तरी असते! मी ग्रुपवर लिहिलं, अगदी सौम्य भाषेत लिहिलं, की "प्रेमराज, हे विमान धुळ्याहून निघालं तर सोनगीरपर्यंत चाकांवरच जाईल." तर हा लिहितो, "दिसायला भारी आहे ना, बस." दिसायला भारी! यालाच मी म्हणतो जागा शे ना, मंग लाई दे! शिक्षणाने माणसाच्या चष्म्याचा नंबर वाढतो, बाकी काही नाही.

म्हणून ठरवलं, जळगावच्या स्पर्धेत याला दाखवायचंच. मॉडेलची स्पर्धा, मोठा हॉल, आणि पहिलं बक्षीस कशाला? अचूकतेला! माझ्यासाठीच ठेवल्यासारखं. आणि नेमकी त्याच दिवशी बँकेत तपासणी. साहेब म्हणाले, "विमान नंतर उडवा, आधी कॅश जुळवा." मॉडेल तर सकाळीच मांडायचं होतं. मग कोण नेणार? नाना पुढे. "मी नेतो ना. एसटीमां मी कितीक देवाच्या मूर्त्या, काचेचं सामान, अंडी नेली, एक फुटेल नाही." खोटं नाही, माणूस जपून नेणारा. मी खोक्यात कापूस भरला, वाटेत काही निखळलं तर असावं म्हणून उरलेल्या भागांची पुडी आणि फेविक्विकची ट्यूब ठेवली. ठेवली! मीच! माझ्या या हाताने!

दुपारी धापा टाकत हॉलमध्ये पोचतो तर नाना खुर्चीवर, हसतमुख. "काय काळजी करू नको. तुना बठ्ठा बॉम्ब पुडीमांच राही जायेल व्हतात. मी नीट करी दिन्हं."

मी टेबलाकडे बघितलं आणि... अहो, काय सांगू! वरची मिसाईलं उपटून पंखांच्या खाली! बाहेरच्या हुकांना रॉकेटचे डबे! आणि त्यातही एका डब्याचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे! मागे हो! म्हटलं, "नाना, हे मागे तोंड कसं?"

"मांगून कोनी उना तं?"

शत्रू मागून आला तर! एसटीला मागे संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा असतो, तसा माझ्या जग्वारला यांनी करून दिला! मी म्हटलं, उपटतो सगळं. नखाने ओढतोय, पण फेविक्विक ते! डबा काही हलेना, पंख मात्र कडकड वाजायला लागला. तेवढ्यात परीक्षक आलेच. हे कोण? तर कुठल्याशा क्लासचे संचालक. गळ्यात बिल्ला, हातात भिंग... आणि भिंग उलट्या बाजूने धरलेलं! वाकले, बघितलं, मान हलवली. पलीकडे प्रेमराजच्या टेबलावर रॉकेटचा एक डबा मांडतानाच्या गडबडीत गळून पडलेला, तिथे एक हूक मोकळा.

संध्याकाळी निकाल. "अचूकता म्हणजे काय," ते माईकवर म्हणतात, "हे धुळ्याच्या या मॉडेलनं दाखवून दिलं! एकही जागा मोकळी नाही! पुढूनही सज्ज, मागूनही सज्ज!"

मी उठलो. खरं सांगायलाच उठलो, आईशप्पथ! म्हणणार होतो, महाशय, हे विमान चूक आहे, तुम्ही चूक आहात, हा हॉल चूक आहे. पण माझ्या आधी नाना स्टेजवर! ढाल छातीशी धरलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मना पुतन्यानी बनायं," माईकमध्ये सांगतात, "मी फक्त हातभार लाया." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतोय. या माणसाला सबंध नोकरीत कुणी सत्काराचा एक नारळ दिला नव्हता हो. निरोपाच्या दिवशीसुद्धा साहेब रजेवर. आता सांगा, तिथे मी काय बोलणार? बसलो खाली. टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करता!

पण प्रेमराज सोडतो का? रात्रीच्या आत फोटो ग्रुपवर. खाली प्रश्न. "भूपेंद्र, अचूकतेचे महर्षी, मागे तोंड केलेला रॉकेटचा डबा कोणत्या फोटोत बघितलास?" आणि मग सगळे तुटून पडले. नागपूरवाला, नाशिकवाला, ज्यांची विमानं मी वर्षानुवर्षं सोलून काढली ते सगळे! शेजारच्या सीटवर नाना ढाल मांडीवर घेऊन झोपलेले, परतीची बस खडखडतेय, आणि मी मोबाईलकडे बघतोय. लिहू का, की हे काकांनी केलं? त्या ग्रुपवर, त्या नालायकांच्या तोंडी नानांना देऊ? शेवटी लिहिलं, "गुप्त मोहीम होती. फोटो उपलब्ध नाहीत."

मला वाटलं, हसून हसून पडले असतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी नागपूरवाल्याचा मेसेज, "सर, मागचा डबा किती अंशात तिरका ठेवू?" सर! आयुष्यभर खरं सांगितलं तेव्हा कुणी सर म्हणालं नाही हो. आता तिघं जण तसंच विमान बनवताहेत, प्रेमराज चौथा. आणि काल मी नाशिकवाल्याला सहज म्हटलं, बाबा, खऱ्या जग्वारची मिसाईलं पंखावर असतात... तर त्याने मला शांतपणे समजावलं, "भूपेंद्रभाऊ, माहिती नसेल तर बोलू नये."