दोघांचं एक मत

सई : बाबा, तीन दिवस झाले, ती ईमेल तुमच्या आयपॅडवर उघडीच आहे. एक बटण दाबायचंय फक्त.

पुरुषोत्तम : दाबतो गं. घाई काय आहे?

सई : तुम्हाला नाही, मला आहे. हॉल भरत आलाय, चैत्राली पेटी घेऊन बसलीये, आणि कीर्तनकारबुवा इथं मंदिराच्या स्टोअररूममध्ये तांदळाच्या पोत्यावर बसून सर्व्हे भरतायत. भानूकाका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना.

भानुदास : कसला सर्व्हे गो?

सई : इंग्लंडचा. त्यांच्या जुन्या आयडीवर आलाय. युरोपमधून बाहेर पडायचं की राहायचं, तेव्हा कसं मत दिलं होतं, आणि आज पुन्हा द्यायचं झालं तर तसंच द्याल का? नऊ वर्षांनी विचारतायत! तेही टेक्ससमध्ये येऊन राहिलेल्या माणसाला.

भानुदास : बुवांना काय विचारायचं त्यात? ते 'राहा'वाले. हरलेल्या बाजूचे. हरलेल्याला पश्चात्ताप नसतो गो, नुसतं दुःख असतं.

सई : मी पण तेच म्हटलं. घरातली तिन्ही मतं 'राहा'ला होती, लिहून टाका आणि संपवा. बरं, ऐका. कीर्तनात इथल्या इलेक्शनवर एक शब्द काढायचा नाही, दृष्टांत म्हणूनसुद्धा नाही. कमिटीतले राकेश आणि मोनाली नोव्हेंबरपासून एकमेकांशी बोलत नाहीत. प्रसादाच्या शिऱ्याला तूप कोणी आणायचं यावर अर्धा तास मीटिंग झाली आमची.

पुरुषोत्तम : शिरा आहे प्रसादाला?

सई : हो, केळं घालून. का?

पुरुषोत्तम : काही नाही. जा तू पुढं. आलोच दहा मिनिटांत. दार ओढून घे.

भानुदास : लेक गुणी आहे हां तुमची. वहिनींचा आवाज आहे तिच्यात. रागावते तीसुद्धा पंचमात. बघा, तबला काळी दोनला लावून ठेवलाय, तुमच्या नऊ वर्षांपूर्वीच्या पट्टीत. जरा चढा बोलतोय. बाहेर एकशेतीन डिग्री आणि आत हा एसी. चामड्यानं तरी कुठला ऋतू मानायचा?

पुरुषोत्तम : भानू, हातोडी खाली ठेव जरा.

भानुदास : ठेवली. काय झालं?

पुरुषोत्तम : आज मी उभा राहिलो नाही तर?

भानुदास : गळा?

पुरुषोत्तम : गळ्याला काही झालेलं नाही.

भानुदास : मग झालं तर. देव पावला.

पुरुषोत्तम : कधीच काही झालेलं नव्हतं.

भानुदास : म्हणजे कितें?

पुरुषोत्तम : तिकडे इंग्लंडात, स्विंडनला मी कीर्तन सोडलं ना, गळा गेला म्हणून. तो गेला नव्हता.

भानुदास : बुवा, मी तुम्हाला ज्येष्ठमध आणून द्यायचो. आई मडगावहून पाठवायची. साडीच्या तुकड्यात बांधून.

पुरुषोत्तम : चघळायचो की. गोड लागायचं, आणि त्या गोडीचीच लाज वाटायची.

भानुदास : तीन वर्षं! त्या शाळेच्या हॉलची किल्ली माझ्याकडे होती. दर गुरुवारी गोदामातली पाळी संपवून मी सरळ तिथं. हीटर लावायचा, तबल्यावरची खोळ काढायची आणि बसायचं. म्हणायचो, आज सुटेल गळा. मग खोळ घालायची, हीटर बंद करायचा, घरी.

पुरुषोत्तम : मतदान झालं तोही गुरुवारच.

भानुदास : ठाऊक आहे. पाऊस होता. छत्री माझी होती. तुम्हाला केंद्रापर्यंत मीच सोडलं. तुम्ही आत, मी फाटकाशी. तुमच्याकडे भारताचा पासपोर्ट तरी तुम्हाला मत, माझ्याकडे युरोपचा तरी मला नाही. का, तर तुम्ही राणीच्या जुन्या राज्याचे गावकरी आणि मी गोव्यामुळं पोर्तुगालचा घरजावई! किती हसलो होतो आपण त्यावर.

पुरुषोत्तम : आणि काय म्हणाला होतास?

भानुदास : म्हटलं, बुवा, माझंही तुमच्यातच धरा. दोघांचं एक मत. तुम्ही बाहेर आलात, घरी नेलंत आणि स्वतःच्या हातानं शिरा करून घातलात. वहिनी म्हणाल्या, यांना परात कुठं ठेवतात तेसुद्धा ठाऊक नाही, आज काय झालं यांना?

पुरुषोत्तम : भानू, मी 'बाहेर'वर फुली मारली.

(हॉलमधून पेटीचा सूर येत राहतो.)

भानुदास : परत सांगा.

पुरुषोत्तम : परत नाही जमायचं. एकदाच सांगायला नऊ वर्षं लागली.

भानुदास : चुकून मारलीत?

पुरुषोत्तम : चुकून मारली असती तर त्याच दिवशी सांगितलं असतं. हसलो असतो त्यावरही.

भानुदास : मग कशाला? मी फाटकाशी भिजत उभा, आणि तुम्ही आत...

पुरुषोत्तम : कम्युनिटी हॉलमध्ये कोणीतरी सांगून गेलं होतं. म्हणे युरोपचं दार लावलं की आपल्या माणसांना व्हिसे मोकळे होतील. पुजारी येतील, आचारी येतील, वाजवणारे येतील.

भानुदास : वाजवणारा होता की तुमच्याकडे.

पुरुषोत्तम : होता. ते नुसतं सांगायचं कारण रे. पूर्वरंगात नाही का आपण लांबून लांबून सुरुवात करत? मूळ गोष्ट पुढंच असते.

भानुदास : मग मूळ गोष्ट सांगा. लोक बसलेत.

पुरुषोत्तम : मी तिथं गेलो तेव्हा सई पाच वर्षांची. मी बस चालवायचो. लतिकेचा व्हिसा दोनदा नाकारला. कधी फोटो चालेना, कधी लग्नाचा दाखला पटेना. चार वर्षं गेली. पोर फोनवर मला 'अहो काका' म्हणायची. मग त्या दोघी आल्या एकदाच्या. त्याच्या पुढच्या वर्षी तू आलास. सोमवारी विमानातून उतरलास लाल पासपोर्ट घेऊन, आणि पुढच्या सोमवारी गोदामात कामाला. मी पेढा दिला तुझ्या हातावर. पण आत काहीतरी अडकलं, दातात सुपारी अडकते तसं. चौदा वर्षं तू साथ केलीस. माझी सम कधी सांडू दिली नाहीस. आणि ते तिथंच अडकलेलं. जीभ सारखी तिथं जायची.

भानुदास : कधी बोलला नाहीत.

पुरुषोत्तम : बोलण्यासारखं होतं का ते? लोकांना मत्सरावर दोन-दोन तास निरूपण सांगणारा माणूस मी. आणि त्या दिवशी त्या आडोशाला हातात पेन्सिल, बघायला कोणी नाही. मला युरोप दिसलाच नाही रे. तू दिसलास, फाटकाशी, छत्री घेऊन. मी युरोपविरुद्ध नाही, तुझ्याविरुद्ध मत दिलं.

भानुदास : सायबा!

पुरुषोत्तम : बोल. काय वाटेल ते बोल.

भानुदास : मी परत का गेलो ठाऊक आहे तुला?

पुरुषोत्तम : आईसाठी.

भानुदास : गेलो आईसाठी. आई सात महिन्यांत गेली. मग कोविड. मग इंग्लंडहून कागद. तुम्ही सलग राहिला नाहीत, वेळेत अर्ज केला नाहीत, आता तुमचं नाव आमच्याकडे नाही. तिथंच राहू द्या म्हणायचा तो अर्ज का नाही केला मी? सगळे गोंयकार रांगा लावून करत होते. मी तुझ्याकडे आलो फॉर्म घेऊन. तू काय म्हणालास?

पुरुषोत्तम : म्हणालो, घाई काय आहे. आपल्याला कोण काढतंय.

भानुदास : घाई काय आहे! आता लेकीलापण तेच म्हणालास.

पुरुषोत्तम : तो फॉर्म मला बघवेना रे. तो भरायची वेळ तुझ्यावर कोणी आणली ते मला ठाऊक होतं. म्हटलं, आज नको.

भानुदास : माझी बायको सुचित्रा म्हणते, बरं झालं घरी आलात. चांगली आहे बिचारी. पण सतरा वर्षं राहिलो तिथं. गोदामात खिडकीजवळची जागा माझी होती. तिथला पाव आवडायला लागला होता मला. मडगावात आता शेजारी विचारतात, का आलास परत, काढलं काय? आणि याच लाल पासपोर्टवर इथं अमेरिकेत लेकीकडे यायला नव्वद दिवस लगेच देतात. हसू येतं.

पुरुषोत्तम : माझ्या एका मतानं नाही झालं ते, असं म्हणून बघितलं मी. पुष्कळदा.

भानुदास : गणित मला शिकवू नको. एका मतानं देश हलत नाही, मलाही कळतं. पण मला एकच होतं, आणि ते मी तुझ्याकडे दिलं होतं.

सई : बाबा! पाच मिनिटं हं. मोनालीनं हार आणलाय आणि राकेशनं पण आणलाय. प्लीज, दोन्ही घाला. मध्यांतराला आधी कोणाचा, ते मी चिठ्ठी टाकून ठरवते. काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

भानुदास : तबला चढलाय गो. जा तू.

सई : ओके, पण प्लीज लवकर. काका, तुमची मीरा पहिल्या रांगेत बसलीये, सारखी विचारतेय, बाबा दमले का म्हणून.

भानुदास : दमलो म्हणून सांग.

पुरुषोत्तम : लतिकेला मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तू शिरा खाऊन गेलास, आणि ती भांडी आवरत होती. ओरडली नाही. म्हणाली, नारदाची गादी आहे ती, तिच्यावर असं उभं राहता यायचं नाही. आधी त्याला सांगा. मला सांगता येईना, म्हणून मग गळा गेला. ती गेल्यावरही सुटला नाही. शेवटच्या आजारपणात तिनं एकदाच विचारलं, भानूभावजींना फोन केलात का?

भानुदास : वहिनींना माहीत होतं. आणि मला दर दिवाळीला चकल्यांचा डबा यायचा.

पुरुषोत्तम : हो.

भानुदास : आणि आज सांगितलंत, कारण आज उभं राहायचंय. म्हणजे तुमचं ओझं माझ्या डोक्यावर, आणि तुम्ही गादीवर मोकळे.

पुरुषोत्तम : मोकळं वाटेल असं वाटलं होतं खरं. नाही वाटत. नुसतं थकायला झालंय. तू सांग. म्हणशील तर सईला सांगून टाकतो, आज कीर्तन नाही. म्हणशील तर आत्ता गादीवरून सगळ्यांसमोर बोलतो. आख्यान बदलतो, उत्तररंगात हेच लावतो.

भानुदास : माझं आख्यान लावणार?

पुरुषोत्तम : माझं. माझ्या पापाचं.

भानुदास : तुमच्या गळ्यातून ते आलं की लोक डोळे पुसणार. केवढं मोठं मन म्हणणार. बुक्का लावून पाया पडणार तुमच्या. आणि मी बाजूला बसून ठेका धरायचा? नाही, बुवा. ते मी कोणाला देणार नाही. एवढं एक तरी माझं माझ्यापाशी राहू दे.

पुरुषोत्तम : खरं आहे. ते सुचलं तेसुद्धा माझ्याच सोयीचं होतं.

भानुदास : नऊ वर्षं भेटेल त्याला सांगत आलो. बुवांनी पावसात जाऊन माझं मत टाकलं, वर शिरा खाऊ घातला. मीराला सांगितलंय. तिच्या सासरी सांगितलंय. आता ती गोष्ट मी कुठं ठेवू?

पुरुषोत्तम : शिरा खरा होता, भानू. तुला तो आवडला तेही खरं होतं.

भानुदास : साखर जास्त पडली होती त्यात. तेव्हा बोललो नाही.

पुरुषोत्तम : भान नव्हतं. दोनदा घातली.

भानुदास : मला वाटलं, आनंदानं.

पुरुषोत्तम : या ईमेलला काय उत्तर देऊ?

भानुदास : काय काय लिहिलंय त्यात?

पुरुषोत्तम : तीनच पर्याय आहेत. तसंच मत देईन, वेगळं देईन, सांगता येत नाही.

भानुदास : खाली काही लिहायला जागा?

पुरुषोत्तम : नाही.

भानुदास : मग मिटवा ते. मध्यांतरापर्यंत तरी मिटवा. बाहेर साठ-सत्तर माणसं बसलीत. त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तरी एका सतरंजीवर येऊन बसलीत. त्यांना परत कशाला पाठवायचं?

पुरुषोत्तम : म्हणजे वाजवणार तू?

भानुदास : त्यांच्यासाठी. आणि वहिनींनी सांगितलेलं तुम्ही केलंत, उशिरा का होईना, म्हणून. दुसरं काही समजू नका.

पुरुषोत्तम : नाही समजत. भानू, एक आहे. काळी दोन मला आता झेपणार नाही. नऊ वर्षं गायलोच नाही ना. हे खरं सांगतोय.

भानुदास : गळ्याचं तुमचं मी आता मानायचं कसं?

पुरुषोत्तम : सा लावून दाखवू?

भानुदास : लावा.

पुरुषोत्तम : सा...

भानुदास : हं. खरखरतोय. काळी एक, आणि तीही ओढून. आधी सांगायचं नाही का? आता सोळाच्या सोळा घरं उतरवायला हवीत.

पुरुषोत्तम : मी धरू का तबला?

भानुदास : तुम्ही काही धरू नका. पाणी प्या, कोमट. मागच्या टेबलावर आहे बघा थर्मास.

सई : बाबा, आता मात्र खरंच चला. भानूकाका, शिरा गरम आहे. तुमच्यासाठी वाटीभर बाजूला काढून ठेवू? बाबांच्या त्या शिऱ्याची गोष्ट सांगायचीये ना तुम्हाला सगळ्यांना?

भानुदास : शिऱ्याचं नंतर बघू, बाय. तू बाहेर जाऊन लोकांना सांग, दोन मिनिटं थांबा म्हणावं. बुवांचा स्वर खाली आलाय, तबला उतरवतोय.