मोकच्या हंसाची मान

हॅलो? हो, फुंगच… सिफू-बिफू, गुरू-बिरू म्हणू नकोस, सुतलिंग. काचेशी माझा संबंध संपला. बेचाळीस वर्षं हाँगकाँगच्या पाट्यांसाठी नळ्या फुंकल्या, यापुढे फुंकीन तो फक्त चहा. निऑनबद्दल खुद्द स्वर्गाच्या सम्राटानं विचारलं तरी… काय? नळी जांभळट पेटते? किती जांभळट? थांब, चष्मा लावतो… फोनवर चष्मा कशाला म्हणा!

हो, हो… अगं ऐक ना! मोक पाच वाजता येणार ना? आत्ता तीन वाजलेत… काय म्हणाला? पोरीच्या हातची पाटी दुकानावर टांगणार नाही? भाजलेले हंस विकतो, त्यांच्या माना कुणी मुरगळल्या ते विचारतो का कधी?

पाटीवरच्या हंसाच्या मानेचं वळण बरोबर आलंय?… मग आत हवा नाहीतर ओल राहिलीय. निऑन एकटा असला की लालबुंद पेटतो, पाहुणा घुसला की तोंड पाडतो. माझ्यासारखाच.

नळी पंपाला जोडलेलीच आहे? शाबास. करंट सोडून नळी तापवलीस, तेव्हा वर कागद ठेवलास?… काळा पडला? लगेच? कुठला कागद?… चहाच्या दुकानाची पावती? मशीनमधून निघते ती?

अगं माझे आई! ती नुसत्या उबेनं काळी पडते, काखेत धरली तरी! काच तापलीच नाही. तिला चिकटलेली ओल सुटली, तरच पंप ओढणार ना?… नाही गं, चूक माझी. पावती ठेव असं मीच शिकवलं. आमच्या वेळी पावत्या हातानं लिहायचे.

वर्तमानपत्र आहे?… शर्यतीचं पान घे. माझा घोडा हरलाय, भाज त्याला. निऑन ओढून काढ, थोडी हवा सोड, तापवायला लागते ती, मग करंट. फोन बाजूला ठेव, हातमोजे घाल. मी आहे.

…

तपकिरी? सावकाश? आता ओढू दे पंपाला… अगदी शेवटपर्यंत. काच गार होईतो निऑन सोडायचा नाही… हो, धरून आहे. कुठे जाणार मी?

…

गार झाली? सोड निऑन. पेटव.

…

हॅलो? सुतलिंग? अगं बोल की!… लाल? चोचीपासून खांद्यापर्यंत? थरथरत नाही?… पोरी!

कोण आलं? मोक? इतक्यात?… काय म्हणतो?… टांगतो म्हणाला! शेजारच्या नूडलवाल्यालाही हाक मारतोय?… त्यालाही पाटी हवीय?… करू का म्हणून मला काय विचारतेस? मान तू वळवलीस, हो तू म्हणायचं.

बरं, ठेवतो… हां, ऐक. घरी जाताना इकडून जा. स्वयंपाकघरातला दिवा गेलाय, एक बल्ब आण… एलईडीच आण. आमच्या निऑनचा धंदा खाल्ला, पण टिकतो मेला.