काळ्या वायरी, दोऱ्याच्या गाठी

विजेच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभे होते. तिच्या हातात जळक्या वायरींचं भेंडोळं होतं.

"बाबा, अख्ख्या बोटीत सगळ्या वायरी काळ्या? दिव्याची कुठली, पंपाची कुठली, कळायचं कसं?"

"गाठींवरून. दिव्याच्या वायरीला दोऱ्याची एक गाठ, पंपाच्या वायरीला दोन. वीस वर्षांत कधी चुकलोय?"

"मग परवा धूर कशाचा निघाला?"

"वायर जुनी झाली होती. म्हणून काय सगळंच उपटायचं?"

"शेजारी पेट्रोलची टाकी आहे, बाबा! आता प्रत्येक वायर वेगळ्या रंगाची घ्यायची."

"रंगांची थेरं नकोत मला. काळीच घे."

"का पण?"

"बोट माझी आहे म्हणून."

"बरं. निदान बॅटरीला तरी ही लाल घेऊ?"

"कुठली?"

"ही काय, तुमच्या नाकासमोर धरलीय."

"हां, ही होय. चांगली आहे, घे."

"बाबा, माझ्या हातात काहीच नाहीये."

"इथे उजेड कमी आहे गं."

"कधीपासून?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"कधीपासून, बाबा?"

"झाली दोन वर्षं. बोट चालवताना तुझी आई शेजारी बसते ना. ती सांगते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या."

"म्हणजे आईला माहीत आहे?"

"तिनंच सांगितलं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून."

"दुकानदारकाका, काळीच वायर द्या. गाठी तुम्हीच मारा, बाबा. पण बोटीची किल्ली आत्ता इकडे द्या."

"ही घे. आणि त्यानं काळीच दिलीय ना, तेवढं बघ."