पाहुणीची खुर्ची

आई : नाही, मी ठरवलंय. उद्या तुम्हा दोघींची अदलाबदल करणाऱ्या त्या संस्थेतल्या बाईंना फोन करते, म्हणते, या मुलीसाठी दुसरं घर बघा.

लेक : ऐन सणात? आणि आई, मी तिच्या घरात राहतेय. तिच्या पलंगावर झोपतेय. तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?

आई : मग मी काय करू? घर माणसांनी भरलंय. आत्या, काकू, पोरंटोरं, सगळी हौसेनं आलीत. आणि ही तुझ्या खोलीत दार लावून बसलीये. वाटलं होतं, वर्षभर तू तिकडे, ती इकडे, लेकीची उणीव तरी भासणार नाही. कसलं काय.

लेक : जेवते का?

आई : चिमणीएवढं. विचारलं की मान डोलावते आणि 'छान' म्हणते. तेवढा एकच शब्द शिकलीये. बाबा म्हणतात, तिला आपलं घर आवडलेलंच नाही.

लेक : तुम्ही काय काय करता तिच्यासाठी?

आई : काय करत नाही ते विचार. पहिलं ताट तिचं. खिडकीजवळची खुर्ची तिची, बाबासुद्धा बसत नाहीत तिथे. इकडची काडी तिकडे करू देत नाही. काल ताटं उचलायला उठली, तर आत्याने हात धरून खाली बसवलं.

लेक : आणि मग ती खोलीत गेली.

आई : हो. तुला कसं कळलं?

लेक : तुम्ही सगळ्या स्वयंपाकघरात असता तेव्हा ती काय करते?

आई : बसते. बघत.

लेक : तुम्ही कशावर तरी हसता. तिला वाटतं, आपल्यालाच हसले. मग तीही हसते, पण उशिरा. मग सगळे तिच्याकडे बघतात आणि कुणीतरी पुन्हा वाढतं. पोट भरलंय हे सांगत बसण्यापेक्षा खाणं सोपं असतं. शेवटी डोकं दुखतंय अशी खूण करायची आणि उठायचं. दार लावलं की बरं वाटतं. थोड्या वेळाने तेच दार खायला उठतं.

आई : हे तिने सांगितलं तुला?

लेक : ती मला कशाला सांगेल?

आई : हं.

लेक : तिला काम सांग, आई. मला सांगतेस तसं.

आई : पाहुण्या पोरीला? आत्या काय म्हणेल? आणि माझं बोलणं तिला कळणार का?

लेक : तुझा आवाज कळेल. चार घरं सोडून कळतो.

आई : आगाऊपणा पुरे. थांब, फोन ठेवू नकोस.

(फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज. आईची हाक, पाण्याची धार, भांडी, बायकांचं बोलणं. बऱ्याच वेळाने काहीतरी फुटतं. पाठोपाठ आईचा चढलेला आवाज : "अगं, लक्ष कुठंय तुझं? ओल्या हाताने काच धरतात का? सरक आधी, पायात जाईल.")

आई : ऐकलंस? मावशीने दिलेला काचेचा वाडगा गेला. आणि मी ओरडले गं तिच्यावर. तोंडातून निघूनच गेलं.

लेक : रडली?

आई : आधी बघतच राहिली माझ्याकडे. मग डोळ्यांत पाणी आणि चक्क हसायला लागली. मीही हसले. आता केर काढतेय. आत्या डोक्यावर उभी राहून सांगतेय, कोपऱ्यातून काढ, कोपऱ्यातून काढ.

लेक : आणि खुर्ची?

आई : बाबा जाऊन बसलेत. टपूनच होते.

लेक : मग संस्थेत फोन नको करूस.

आई : नाही करत. पण तुझ्याकडे इतकं सामसूम कसं? सण ना त्यांचाही? माणसं आली असतील.

लेक : आलीत की. खाली आहेत सगळी.

आई : आणि तू?

लेक : खोलीत.

आई : दार लावून.

लेक : ...हो.

आई : मला तर दर वेळी सांगतेस, मजेत आहे.

लेक : तीही 'छान'च म्हणते ना.

आई : ऊठ. तोंडावर पाणी मार आणि खाली जा. फडकं उचल, भांडी पुसायला लाग.

लेक : तिची आई हात लावू देत नाही कशाला.

आई : विचारूच नकोस. विचारलंस की ती नको म्हणणार. मीही तेच करत होते इतके दिवस.

लेक : आणि माझ्या हातून काही फुटलं तर?

आई : तर ओरडेल. तिलाही सध्या घरात ओरडायला कुणी नसेल.